ओल्या मातीतलं कोमेजलेलं झाड

जुलै महिना. कोथरूडमधला फ्लॅट, चार दिवस उन्हाचा पत्ता नाही. खिडकीजवळच्या पीस लिलीनं मान टाकली आहे, आणि हात आपसूक तांब्याकडे जातो. थांबा. आधी मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. माती बोटाला चिकटून आली? मग हे झाड तहानलेलं नाही.

मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. भरपूर पाण्यात उभं असूनही झाड सुकतं, ते यामुळे.

पान हातात घेऊन बघा. पाणी कमी पडलं तर कडा कुरकुरीत होतात. जास्त झालं तर पान मऊ पडतं. खालची पानं आधी पिवळी होतात, मग तपकिरी, ओलसर डाग. पिवळं पान परत हिरवं होत नाही. काढून टाका.

आता कुंडी आडवी करून झाड सोडवा, मुळं नळाखाली धुवा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. हे काळपट मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर साल मोज्यासारखी निसटली, आत नुसता दोरा राहिला. वासही कुबट. स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं टणक भागापर्यंत कापायचं, हात न आखडता.

नर्सरीतून आलेला लाल मातीचा घट्ट गोळा मुळांभोवती असेल, तर तोही सोडवा. पाणी बहुतेकदा तिथेच मुरून बसतं. नवं मिश्रण: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाड वाळू, अर्धा भाग गांडूळखत. कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच, भोकाची.

तळाला खडे घालायची पद्धत घरोघर आहे. ती सोडा. मातीतलं पाणी खड्यांच्या थराशी अडतं, आणि ओल उलट मुळांच्या जवळ सरकते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

पाण्याचा वार ठरवू नका. एप्रिलच्या कोरड्या झळांत तीन-चार दिवसांनी पाणी मागणारा मनीप्लांट पावसाळ्यात दहा दिवसही थांबतो. स्नेक प्लांट तर तीन आठवडे. कुंडी उचलून बघा, सुकलेली कुंडी हाताला चटकन हलकी लागते. खालच्या प्लेटमधलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या.

पीस लिली उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. मधून नवं, गुंडाळलेलं पान वर येईपर्यंत वरून खत घालायचं नाही.