भगवा रंग किती करडा?

नमस्कार श्रोतेहो.

ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा वर बहुतेक वेळा ढगाळ आभाळ असतं आणि त्यासमोर भगव्या पताका. डोळ्यांना तो भगवा असा उठून दिसतो की दुसरीकडे नजर जाऊ नये. हाच देखावा कृष्णधवल टिपला तर मात्र पुष्कळदा पताका आणि ढग एकाच करड्या छटेचे निघतात. कृष्णधवल फोटोत रंगाला किंमत नाही, उजेडाला आहे. कापडावरून येणारा उजेड ढगाच्या उजेडाइतकाच असेल, तर पताका आभाळात विरून जाते. हिरव्या नऊवारीचे लाल काठही असेच लुगड्यात मिसळतात.

आज मला बोलायचंय ते डिजिटल रेंजफाइंडरने असे फोटो काढण्याबद्दल. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. वरच्या कोपऱ्यात वेगळी काचेची खिडकी असते, तिच्यातून बघतो. शेजारच्या दुसऱ्या छोट्या खिडकीतली प्रतिमा पहिलीच्या मधोमध दिसते. लेन्सवरची रिंग फिरवली की ती सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोब्बर बसल्या की फोकस लागला. डिजिटलमध्ये हे पहिल्यांदा आणलं एप्सनने, २००४ साली, आर-डी१ या कॅमेऱ्यात. दर फोटोआधी शटर चढवायला त्यात फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा खटका ओढावा लागे! दोन वर्षांनी लायकाचा एम८ आला.

पण कृष्णधवलवाल्यांसाठी खरं वर्ष २०१२. नेहमीच्या सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चकतीवर, प्रत्येक बिंदूच्या डोक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा चिमुकला फिल्टर असतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, १९७६ च्या पेटंटातली: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. लायकाने त्या वर्षी एम मोनोक्रोम या कॅमेऱ्यात ही जाळीच काढून टाकली. १८ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि प्रत्येक बिंदूला सगळा उजेड. त्यामुळे बारकावे कोरून काढल्यासारखे येतात आणि कमी उजेडातही चित्र टिकून राहतं. किंमत लाखांच्या घरात, हेही खरं.

या कॅमेऱ्याचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं: खिडकीतून जग रंगीत दिसतं आणि आत रंगाचा कणही पोचत नाही. मधलं भाषांतर आपल्या डोक्यात, शटर दाबण्याआधी व्हावं लागतं. नंतर संगणकावर भगवा उजळवू म्हटलं, तर भगवा आहेच कुठे?

म्हणून लेन्सवर काचेचे फिल्टर येतात. नारिंगी फिल्टर लावला की भगव्या कापडाचा उजेड जवळजवळ पूर्ण आत येतो, ढगांचा बराचसा अडतो. पताका ढगांपेक्षा उजळ होते. ढगांतून निळं आभाळ डोकावत असेल, तर ते गडद होतं. लाल फिल्टर हेच आणखी जोरात करतो, पण मला तो वारीत नको वाटतो. सावळ्या चेहऱ्यांवरचा उजेड तो इतका चढवतो की उन्हापावसाने उमटलेल्या रेषा पुसट होतात, आणि तुळशीची पानं काळी पडतात. चेहरे हवे असतील तर पिवळा फिल्टर पुरे. कपाळावरचा बुक्का तर कशानेही काळाच राहतो.

दुसरी काळजी पांढऱ्याची. धोतरं, टोप्या, सदरे! रंगीत सेन्सरमध्ये एखादा रंग जास्त उजेडाने भरून वाहिला तरी दुसऱ्या दोघांत काही शिल्लक असतं, त्यावरून थोडी भरपाई होते. मोनोक्रोममध्ये गेलेला पांढरा गेलाच. सदऱ्याच्या चुण्या राहतील इतपत उजेड कमी घ्यायचा; सावल्या नंतर बऱ्याच वर ओढता येतात.

आता रिंगण. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथे अश्व धावत येताना दोन प्रतिमा जुळवायला वेळ कुठला? ३५ मिलिमीटरची लेन्स घ्यावी, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/८ इतकं लहान ठेवावं, फोकस तीन मीटरवर लावून हात काढून घ्यावा. साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. खिडकीत फोटोची चौकट पांढऱ्या रेषांनी आखलेली असते आणि त्या रेषांबाहेरचंही दिसत राहतं, म्हणून अश्व चौकटीत शिरण्याआधीच कळतो. लेन्समधून बघणाऱ्या कॅमेऱ्यात ही सोय नाही. उलट सत्तर सेंटिमीटरपेक्षा जवळ बहुतेक रेंजफाइंडर लेन्स फोकस करत नाहीत, तेव्हा टाळावरची बोटं अगदी जवळून टिपायची असतील तर दुसरा कॅमेरा घ्यावा.

ज्यांच्याकडे साधा डिजिटल कॅमेरा आहे, त्यांनी तो रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरने मोजलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलवर, ठेवावा आणि मेनूत मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल, निवडावा. पडद्यावर करडं चित्र दिसेल, फाइलमध्ये रंग जपलेले राहतील, आणि संगणकावर नारिंगीची पट्टी सरकवली की पताका वर येईल. फक्त पडद्याकडे बघण्याआधी एकदा स्वतः ठरवून पाहा: समोरचा भगवा ढगापेक्षा उजळ निघेल की गडद?