पहिल्या डिस्कवरचा कागद

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात इलेक्ट्रिकलचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत.)

मागे बसलेल्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि माझा आवाज आता तिथपर्यंत पोचत नाही.

वर येताना जिन्यात एका ताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "काका, बाकी भाषण राहू द्या, कुठला इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, घेतला की नोकरी लागते तेवढं सांगा." मी म्हटलं, ताई, वर चला, सांगतो. आता वर आलोय, पण ते मी सांगणार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पाहिजे तर चहा घेऊन निघा, राग नाही.

आधी हिशेब बघू. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१८ साली जो नमुना अभ्यासक्रम काढला, त्यात पदवीला १६० क्रेडिट आहेत. त्यातले १८ आपल्या शाखेतल्या ऐच्छिक विषयांचे आणि १८ बाहेरच्या विषयांचे. तुमच्या कॉलेजात आकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण मिळून ३६ झाले, म्हणजे रुपयातले साडेतीन आणे तुमच्या हातावर ठेवलेत. आणि ते खर्च कसे होतात? फॉर्म बंद व्हायच्या रात्री ग्रुपवर एक हुशार मुलगा लिहितो, "मी हे घेतलं." पाठोपाठ चाळीस जण तेच घेतात. तो हुशार मुलगा नंतर विषय बदलतो, ही गोष्ट वेगळी.

हसू नका, मीही तेच केलं होतं. १९८० च्या दशकातली गोष्ट. आमच्यापुढे दोन विषय होते. एक हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग आणि दुसरा युटिलायझेशन, म्हणजे प्रकाशयोजना, विजेच्या भट्ट्या, ट्रॅक्शन वगैरे. युटिलायझेशन 'स्कोअरिंग' म्हणून प्रसिद्ध होता. हाय व्होल्टेजला फील्ड थिअरी, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गणित, लागायची, आणि फील्ड थिअरीत मी काठावर सुटलो होतो. मी युटिलायझेशन घेतला. मार्क झकास पडले. ते मला आजतागायत कोणी विचारलेले नाहीत.

नोकरी लागली ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात. चौथ्या वर्षी डिझाइनला बदली झाली आणि हातात ६६ केव्हीचा, म्हणजे ६६ हजार व्होल्टचा, एक ट्रान्सफॉर्मर आला. गुजरातेत जागोजागी ६६ केव्हीची सबस्टेशनं आहेत, तेव्हा हा आमचा रोजचाच माल. त्याला बाहेर आकाशातली वीज सोसावी लागते, म्हणून पाठवण्याआधी कारखान्यातच त्याच्यावर नकली वीज पाडतात. तिला इम्पल्स टेस्ट म्हणतात. ३२५ केव्हीची लाट १.२ मायक्रोसेकंदात शिखर गाठते आणि ५० मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येते. आधी कमी व्होल्टेजची एक लाट, मग पूर्ण व्होल्टेजच्या तीन. दोन्हींच्या आलेखांचा आकार तंतोतंत जुळला की माल पास. तेव्हा स्क्रीनचा फोटो काढायचा, फिल्म धुवायची आणि दोन फिल्मी एकमेकींवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरायच्या. त्या दिवशी आमच्या दोन रेषा सुरुवातीलाच फाकल्या होत्या. केसाएवढ्या. वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, ही वेढ्यांच्या चपट्या चकत्या एकावर एक रचून होते, त्या चकतीला डिस्क म्हणतात. टँक उघडला तर वाइंडिंगच्या अगदी वरच्या डिस्कमध्ये, दोन वेढ्यांच्या मधे, काळा डाग. मोहरीएवढा.

मी दुसऱ्या दिवशी उपाय घेऊन हजर. वरच्या डिस्कांच्या तारेवर वीज अडवायला गुंडाळलेला कागद वाढवायचा. फुटलं तिथे जाड करा, शहाणपण एवढंच. वाइंडिंगवरच्या जुन्या कारागिरानेही मान डोलावली. ड्रॉइंग साहेबांसमोर ठेवलं. ते फार कमी बोलायचे. त्यांनी चष्मा वर सारला आणि विचारलं, "कागद वाढवलास. मग कपॅसिटन्स काय झाला?"

मी गप्प.

त्याचं असं आहे. कपॅसिटन्स म्हणजे जवळजवळ असलेल्या दोन धातूंची विद्युतभार साठवायची क्षमता, आणि अशी जोडी म्हणजे कपॅसिटर. इतक्या झपाट्याने येणाऱ्या लाटेला वाइंडिंग हे तारेचं भेंडोळं वाटतच नाही. तिच्या दृष्टीने ती कपॅसिटरांची साखळी असते. वेढ्या-वेढ्यांमधले, डिस्क-डिस्कमधले कपॅसिटर साखळीत ओवलेले, आणि प्रत्येक डिस्कमधून एकेक जमिनीकडे गेलेला. जमिनीकडचा एकूण कपॅसिटन्स भागिले साखळीचा एकूण कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ काढा. ते १० आलं तर वरच्या टोकाला पहिल्या क्षणी सरासरीच्या १० पट ताण पडतो. बाकीचं वाइंडिंग मजेत असतं, मार खातात वरच्या चार डिस्क. आता कागद जाड केला की वेढे एकमेकांपासून लांब जातात आणि साखळीचा कपॅसिटन्स आणखी घटतो. म्हणजे मी त्या डिस्कला चिलखत घातलं खरं, पण तिच्या डोक्यावरचं ओझंही वाढवलं. कागद किती वाढवला तर फायदा आणि कुठून पुढे तोटा, हे गणित मांडल्याशिवाय कळत नाही. आम्ही शेवटी वेढ्यांचा क्रमच बदलला. त्याला इंटरलीव्ह्ड वाइंडिंग म्हणतात, त्याने साखळीचा कपॅसिटन्स कितीतरी वाढतो. ट्रान्सफॉर्मर पास झाला.

हे सगळं मी न घेतलेल्या विषयाच्या पुस्तकात होतं. पुढची दीड वर्षं ते मी रात्री शिकलो. थोरला तेव्हा सहा महिन्यांचा होता. एका हाताने पाळण्याची दोरी, दुसऱ्या हाताने समीकरणं. सौभाग्यवती इथे बसल्या आहेत, त्या म्हणतील दोरी बहुतेक त्यांच्याच हातात असायची. तेही खरं आहे.

तेव्हापासून माझी कसोटी ठरली. एखादा विषय समोर आला की स्वतःला विचारा, तिशीनंतर, नोकरी करून, जेवणं आटोपल्यावर, हा मला एकट्याला शिकता येईल का? येत असेल तर आज सोडून द्या. ज्याला गणित लागतं, लॅब लागते, चुकलं की टोकणारा माणूस लागतो, तो आत्ता घ्या. पीएलसीचं, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, प्रोग्रामिंग इथे मकरपुऱ्यात कुठल्याही कारखान्यात काही महिन्यांत हातात बसतं. कंट्रोल थिअरी, म्हणजे यंत्रणा ताब्यात ठेवण्याचं गणित, तशी येत नाही. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर दर पाच वर्षांनी बदलतं, ते ज्या समीकरणांवर चालतं ती बदलत नाहीत.

कोणी म्हणेल, काका, एनपीटीईएलवर, आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन व्याख्यानांत, सगळं आहे. आहे, आणि उत्तम आहे, मीच अजून बघतो. पण "कपॅसिटन्स काय झाला" असं विचारणारा तिथे नाही.

संरक्षणाचा विषय, म्हणजे पॉवर सिस्टिम प्रोटेक्शन, पोरं रटाळ म्हणून टाळतात. रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाच्या, आकृत्या, सेटिंगचे हिशेब. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमाराला उत्तर भारताचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बसलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य अशी तीन ग्रिडं बसली. सुरुवात कुठून झाली? बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवरून. होय, आपलं शिंद्यांचं ग्वाल्हेर. त्या लाइनवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, नव्हता. झाड पडलं नव्हतं, तार तुटली नव्हती. आधीच बऱ्याच लाइनी बंद होत्या, म्हणून तिच्यावर भार बेसुमार चढला होता. डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले करंट करून फॉल्ट किती लांब आहे ते ठरवतो. करंट चढला, व्होल्टेज उतरलं, भागाकार इतका लहान आला की रिलेच्या तिसऱ्या झोनला, म्हणजे लांबच्या टप्प्यावर नजर ठेवणाऱ्या भागाला, वाटलं लांब कुठेतरी फॉल्ट आहे. त्याने लाइन तोडली. रिले बिघडला नव्हता, त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. शिकवलं होतं कोणी? सेटिंग करणाऱ्या माणसाने. हा विषय कोणाला रटाळ वाटत असेल तर त्याला मी काय बोलू.

आता गोत्रीकडे या. रिक्षाने वीस मिनिटं. गुजरातचं लोड डिस्पॅच सेंटर तिथे आहे. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात कोणी किती वीज घालायची, किती ओढायची ते आधी ठरवलेलं. फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहायला हवी. पूर्वी हे काम सोपं होतं असं नाही, पण संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून हजारो मेगावॅट एकदम जात नव्हते. शिवाय टर्बाइनच्या रोटरला जडत्व असतं. भार अचानक वाढला तर तो आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन दोन-चार सेकंद सांभाळून घेतो. सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही. आपल्याच शहराजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॅटचे पॅनेल टाकलेत, २०१५ च्या जानेवारीत उद्घाटन झालं, बघितले असतील. तिथे उभं राहून ऐका, पाण्याचा आवाज येईल, मशीनचा नाही. मग ते जडत्व आणायचं कुठून? हा प्रश्न मशीन्सचा आहे, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचाही आहे आणि कंट्रोलचाही. तुमच्या पूर्ण नोकरीत तो पुरणार आहे. म्हणून हे तीन विषय सुटे सुटे घेऊ नका. एक पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा पुढचा विषय घेतलात तर त्याच्या जोडीला कंट्रोलचा घ्या. सेव-उसळीत नुसती सेव खाल्ली तर घसा कोरडा पडतो.

मशीन लर्निंगबद्दल दोन शब्द, कारण न बोललो तर चहाच्या वेळी धराल. घ्या, जरूर घ्या. उद्या दुपारी ३ च्या तुकड्यात गुजरात किती वीज ओढेल हा अंदाज बांधायला ते कामाचं आहे. पण आधी संभाव्यता आणि मॅट्रिक्सचं गणित पक्कं असू द्या, नाहीतर तो विषय म्हणजे दुसऱ्याचा कोड चालवून बघणं. इलेक्ट्रिक व्हेइकलच्या विषयाचं नाव वाचून भुलू नका. अभ्यासक्रमाचं पान काढा. त्यात बॅटरीचा इतिहास, सरकारी धोरण, गाड्यांचे प्रकार एवढंच असेल तर ते एका रविवारी वाचून होतं. मोटर ड्राइव्ह आणि कन्व्हर्टर प्रयोगशाळेत चालवायला देत असतील तर रांगेत पहिले उभे राहा. बडोद्याजवळच्या सावली गावात मेट्रोचे आणि नमो भारतचे डबे बनतात. तिथल्या माणसाला विचारा, रेल्वेच्या वायरवरची २५ केव्ही एक-फेज वीज तीन-फेज मोटरपर्यंत नेताना मधे काय काय लागतं. तो जी नावं घेईल ती अभ्यासक्रमात शोधा.

त्या पानावर आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती ते आधी पाहा. मग शिकवणार कोण ते सिनिअरना विचारा. चांगला शिक्षक असेल तर माझी कसोटी गुंडाळून ठेवा आणि तो जे शिकवतो ते घ्या.

गेटसाठी, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेसाठी, इलेक्टिव्ह निवडू नका. तिथे १०० मार्कांतले १५ सामान्य क्षमतेचे, १३ गणिताचे, आणि उरलेले ७२ मुख्यतः तुमच्या सक्तीच्या विषयांवर. बाहेरच्या विषयांत जमलं तर हिशेबशास्त्र घ्या. आपल्या कारखान्याचं वीजबिल वाचता न येणारे इंजिनिअर मी ढिगाने पाहिलेत.

ज्यांच्या घरी पगार लगेच सुरू व्हायला हवा, त्यांना माझी कसोटी लागू नाही. त्यांनी एम्बेडेड, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकांचा विषय, घ्यावं, सी भाषा पक्की करावी आणि जिन्यातल्या ताईंचा प्रश्न खुशाल विचारावा. आमच्या पिढीला पोटाची घाई होती, आम्ही ती लपवली नाही.

आता या गावाचं एक सांगतो, कारण इथे बोलताना ते जीभेवर येतंच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. चित्रकला, रंगाई, यंत्रकाम सगळं एकाच संस्थेत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९१३ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला. त्यांनी शिकताना कोणाला विचारलं असतं की याला वाव किती, तर उत्तर द्यायला सिनेमाच जन्माला आलेला नव्हता.

प्रश्न असतील तर विचारा. हं, तू, मागची. मोठ्याने बोल.

ती म्हणतेय, त्यांच्याकडे यंदा हाय व्होल्टेज आहे. हिने नाव दिलंय. पण एकूण सातच जणांनी दिलंय, आणि दहा झाले नाहीत तर विषय रद्द करणार. फॉर्म मंगळवारी बंद होतोय.

अगं, मग मला कशाला विचारतेस? हिच्या वर्गातले कोण कोण आलेत इथे? पाच? बरं. त्यातले फील्ड थिअरीत काठावर सुटलेले कोण? लाजू नका, मी आधीच कबूल केलंय. एक, दोन... आणि तो खांबाआडचा, तुझाही हात अर्धा वर दिसतोय मला.

झाले तीन. यांची नावं लिहून घे, आणि चहा होईपर्यंत सोडू नकोस.