कॅलेंडरवरच्या रेघा

[दृश्य : भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं कॅलेंडर. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

निवेदन :

हे जुलै महिन्याचं पान. एकादशी, संकष्टी, दुधाचा हिशेब, आणि त्याच्याच शेजारी पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. सोमवारी दोन. मंगळवारी एकही नाही. बुधवारी तीन. गुरुवारी अकरा.

या रेघा एका आजीनं मारल्या आहेत. तिचा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. तो कधीकधी स्वतःच्या डोक्यावर मूठ मारून घेतो. एकदा मारून घेतलं की चौकोनात एक रेघ.

आजी म्हणते, "लिव्हता येत नही मले, पन रेघ त मारता येते."

मुलाचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, नाव-गावही सांगणार नाही. रावेर तालुका, चहूकडे केळीच्या बागा, उत्तरेला सातपुडा, एवढी ओळख पुरे.

[दृश्य : एसटी स्टँड. आईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून डोकावणाऱ्या फायली.]

मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा घरच्यांनी आधी तेच केलं जे कुणीही करतं. नजर उतरवली. नवस बोलले. "बापही उशिराच बोलला होता," म्हणत वर्ष काढलं. मग जळगावच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर शहराच्या एका टोकाला, स्पीच थेरपिस्ट दुसऱ्या टोकाला, रोजची कामं आणि हालचाली शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचा वार वेगळाच. सगळ्यांनी मनापासून सल्ला दिला, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. एक म्हणाले, तो मारून घेतो तेव्हा लक्षच देऊ नका. दुसरे म्हणाले, लगेच जवळ घ्या, घट्ट धरा. आईनं कुणाचं ऐकायचं? पिशवीत सगळ्यांचे कागद एकत्र होते. ते लिहिणारी माणसं मात्र एका खोलीत कधी बसलीच नव्हती.

आता बसतात. महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर. वर्गातल्या बाई, विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, आशाताई, आई आणि आजी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वर्तन विश्लेषक, म्हणजे मूल असं का वागतं ते नोंदींवरून शोधणारे, मोबाइलच्या पडद्यावर असतात. रेंज गेली की सगळे थांबतात. आणि टेबलावर, सगळ्या फायलींच्या वर, खिळ्यावरून काढून आणलेलं ते कॅलेंडर.

[दृश्य : वही. तीन रकाने आखणारा हात.]

वर्तन विश्लेषकाच्या शास्त्राला म्हणतात उपयोजित वर्तन विश्लेषण, बोलताना 'एबीए'. डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली या तिघांनी १९६८ साली त्याची चौकट मांडली. जे वागणं बदलायचं ते त्या माणसाच्या आयुष्यात खरोखर महत्त्वाचं असावं, आणि बदल झाला की नाही ते मोजून दाखवता यावं, हे त्यातले दोन आग्रह. या शास्त्राचा इतिहास सगळाच चांगला नाही, तेही सांगायला हवं. १९६० च्या दशकात मुलांना चापटा मारल्या गेल्या, विजेचे झटकेसुद्धा दिले गेले. ऑटिझम असलेल्या प्रौढांनी पुढे उघडपणे सांगितलं, की आम्हाला बळजबरीनं नजरेला नजर द्यायला लावलं, हात हलवू दिले नाहीत. त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. म्हणून या खोलीत मूल गप्प बसलं की काम झालं, असं कुणी धरत नाही.

वहीतले तीन रकाने असे : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर काय झालं. दोन आठवडे लिहिल्यावर बाईंनाच दिसलं, की वही उघडायला सांगितली की मूठ डोक्यावर जाते, आणि मूठ गेली की आपण वही मिटतो. त्याच्यापुरतं ते बोलणंच होतं : हे मला जमत नाही, थांबवा. एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरंड यांनी १९८५ साली दाखवलं होतं, की अशा मुलाला तीच गोष्ट मागण्याचा सोपा मार्ग शिकवला तर असं वागणं कमी होतं. इथे मुलाला 'बस', म्हणजे 'पुरे', असं लिहिलेलं एक कार्ड दिलं. कार्ड पुढे केलं की वही लगेच बाजूला. रेघा कमी झाल्या.

पण गुरुवारच्या अकरा रेघांचं काय?

[दृश्य : कॅलेंडरवर फिरणारं आजीचं बोट.]

इथे आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण या खोलीचं सगळं मोल इथेच कळतं. असे दाट रेघांचे दिवस अधूनमधून, तीन-चारच्या झुपक्यानं येत होते. त्यांत रविवार होता, शाळेला सुट्टी. रात्रीच्याही रेघा होत्या, तेव्हा समोर वही नव्हती. वर्तन विश्लेषकानं सरळ सांगितलं, "माझं उत्तर या दिवसांना लागू पडत नाही." बरीच वर्षं काम केलेल्या माणसानं आईसमोर असं म्हणणं सोपं नसतं. मग आशाताईंनी आजीला विचारलं, त्या दिवसांत आणखी काय होतं? आजी म्हणाली, उशीला डाग पडतो. आणि मूठ नेहमी उजव्या अंगालाच बसते.

कान वाहत होता. डॉक्टरांनी तपासल्यावर जुना संसर्ग निघाला, तो पुन्हा पुन्हा उलटत होता. ठणका लागला की ते पोर कानाच्या वर मूठ मारत होतं, आणि आम्ही मोठी माणसं त्याला हट्टी म्हणत होतो. १९९७ साली मार्क ओ'रायली यांनी एका लहान मुलीच्या बाबतीत हेच नोंदवलं होतं : कानाचा संसर्ग असतानाच ती स्वतःला इजा करून घ्यायची, एरवी नाही. तो अभ्यास विश्लेषकाला ठाऊक होता. उशीचा डाग आजीला ठाऊक होता. दोन्ही गोष्टी एका टेबलावर यायला तीन वर्षं लागली.

[दृश्य : अंगणातल्या कडुलिंबाला बांधलेला झोका, रिकामा, हलणारा.]

सगळं गोडीगुलाबीनं होतं असंही नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणाल्या, अभ्यासाआधी दहा मिनिटं झोका द्या, तो स्थिर बसेल. विश्लेषकाला ते पटेना, पुरावा कच्चा आहे म्हणाले. आवाज चढले. मॅथ्यू ब्रॉडहेड यांनी २०१५ मध्ये विश्लेषकांसाठी अशा प्रसंगाची वाट आखून दिली आहे : दुसऱ्या शाखेचा सल्ला पटला नाही तर आधी बघा, मुलाला त्यातून धोका आहे का. नसेल, तर तो सल्ला नीट समजून घ्या, मग बोला. झोक्यात धोका नव्हता. तेव्हा रोज सकाळी चिठ्ठी काढायची असं ठरलं. काही दिवस झोका, काही दिवस नाही. मूल किती मिनिटं बसलं ते बाई घड्याळ लावून लिहीत.

तीन आठवड्यांनी आलेख काढला, तर दोन्ही प्रकारच्या दिवसांत फरक असा दिसलाच नाही. म्हणजे विश्लेषक बरोबर? पण झोक्याच्या दिवशी पोरगा बाईंचं बोट धरून अंगणात न्यायचा, दोरीकडे बघायचा, मग बाईंकडे बघायचा. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, हे तर मागणं आहे! झोका राहिला, तो मागायला शिकवण्यासाठी. 'झोक्यानं मूल स्थिर बसतं' हे वाक्य फायलीतून काढलं, ते ऑक्युपेशनल थेरपिस्टनी स्वतःच्या हातानं खोडलं.

मोजायची गरज नसलेल्या गोष्टीही असतात. कुणीतरी वडिलांना स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं होतं. शेत गहाण टाकायची बोलणी झाली होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमसाठी त्याला मान्यता नाही. ते ऐकल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. शेत राहिलं.

[दृश्य : डोंगररस्त्यावरची जीप.]

अशी खोली सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी, आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, थेरपिस्ट एका छताखाली भेटावेत, अशी त्याची रचना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली, त्यांत ऑटिझम आहे. कागद चांगला आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते, आणि समोरच्या माणसाला तिची पावरी किंवा भिली बोली येत नसेल तर तिनं पाहिलेलं सांगायचं कुणाला?

बोलीचा प्रश्न आमच्या मुलालाही आला.

[दृश्य : टेबलावर केळ्याचं चित्र. मुलाचा हात, फक्त हात.]

चित्र दाखवलं की तो काहीतरी म्हणायचा आणि तपासणीच्या कागदावर फुली पडायची. 'ळ' येत नाही, उच्चारदोष, असा शेरा. एका शनिवारी ही चाचणी आजीसमोर झाली. आजी हसायला लागली. पोरगा 'केयं' म्हणत होता, आणि घरात सगळे केयंच म्हणतात. खानदेशात डोळा तो डोया, काळा तो काया, फळ ते फय. बहिणाबाईंच्या जळगावात मूल आजीची भाषा बोललं आणि आपण त्याला दोष ठरवला. स्पीच थेरपिस्ट मूळच्या इथल्या नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी बोलीतल्या शब्दांची यादी मागून घेतली. फुल्या तपासल्या तर त्यांतले बरेच शब्द त्याला येत होते.

[दृश्य : पुन्हा भिंत. कॅलेंडरचं ऑगस्टचं पान.]

त्या बैठकीत आजीनं विचारलं, मारून घेतलं की रेघ, मग तोंडानं मागितलं तर काय? विश्लेषक म्हणाले, खूण तुम्हीच ठरवा.

तिनं गोल ठरवला.

हा कानबाईचा, खानदेशातल्या श्रावणातल्या सणाचा, रविवार. घरभर पाहुणे, वाजंत्री, रोटाचा घाट. या चौकोनात चार रेघा आहेत. आणि सात गोल.