तुका म्हणे, आणि आपण फॉरवर्ड करतो

मंडळी, नमस्कार. समितीने मला 'मराठी साहित्य आणि नवी पिढी' असा भारदस्त विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवलाय, कारण मागच्या आठवड्यात आमच्या घरी भांडण झालं आणि ते आपल्या मंडळाच्या ग्रुपमुळे झालं.

माझी मुलगी दहावीत आहे. ती चार-चार ओळी लिहिते, कॅनव्हा नावाच्या चित्रं बनवायच्या अ‍ॅपवर रंगीत चौकोन करून त्यात बसवते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. त्यातल्या या चार:

फोन ठेवू नकोस म्हटलं,
तशीच थिजली आजी.
नेट आलं तेव्हा म्हणाली,
"खाल्लीस का गं भाजी?"

गणपतीत तिने ही आपल्या ग्रुपवर टाकली होती, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव घालून. तीन अंगठे आले. एक माझा, एक तिच्या बाबांचा. मागच्या आठवड्यात त्याच ओळी परत आल्या. मागे समई, कडेला मोगरा आणि खाली एका दिवंगत थोर लेखकाचं नाव. मग काय विचारता! हात जोडले गेले, फुलं उधळली गेली, "आता असं लिहिणारे राहिले नाहीत" असं एका काकांनी लिहिलं. अहो, ते लेखक गेले तेव्हा व्हिडिओ कॉल कोणाच्या घरी होता? आजी थिजली कुठे, फ्रीजमध्ये?

मुलगी मला म्हणाली, "आई, म्हणजे आधी मरावं लागतं का?"

मी रागावले, अभद्र बोलू नये वगैरे. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

नाव जातं कसं, हे तिनेच मला समजावलं. चित्रातल्या ओळी सहज कॉपी होत नाहीत. मग कोणी स्क्रीनशॉट घेऊन खालची पट्टी कापतो, कोणी ओळी नव्याने टाइप करतो आणि नावापाशी येऊन कंटाळतो. पुढच्याला ते रिकामं दिसतं, की लाव पु. लं.चं, लाव व. पुं.चं. आपल्या संतांना ही भानगड आधीच कळली असावी. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. नाव शेवटच्या चरणातच विणलेलं, कापायला गेलात तर अभंग लंगडा होतो. (तरी तुकोबांच्या नावावर दुसऱ्यांचे अभंग चढलेच, ते सोडा.) मी मुलीला हा उपाय सुचवला. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

आपल्याला वाटतं, ही पोरं फोनवर वेळ घालवतात. मी शेजारी बसून पाहिलं. तो चौकोन १०८० बाय १०८० पिक्सेलचा. तयार ढाचे बहुतेक रोमन अक्षरांच्या मापाचे. ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते, शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. एका ओळीत एक शब्द मावेना, म्हणून तिने तो काढला आणि ओळ चक्क सुधारली. आमच्या वेळी यासाठी मास्तरांची लाल शाई लागायची. आणि माझी 'शुभ सकाळ'ची चित्रं? गुलाब, वाफाळता चहा, सूर्य आणि पिवळ्यावर पिवळी अक्षरं. ती मैत्रिणींना दाखवते, असं करू नये म्हणून.

आता थोडं घरचंच बोलते. आपला दिवाळी अंक ए-फोर आकारात, दोन रकाने, पीडीएफ. फोनवर वाचायला बोटाने डावीकडे ओढा, उजवीकडे ओढा, तोवर कथा कुठे होती ते विसरा. मुलांच्या कविता सगळ्यात शेवटी, रंगभरण स्पर्धा आणि मसाल्याच्या जाहिरातीच्या मध्ये. मुलं दोन पिढ्यांच्या अंतरावरून मराठीत चार ओळी लिहितात आणि आपण त्यांना बालविभागात बसवतो. ओळी आवडल्या तर निदान एकदा विचारा की कोणाच्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

खरं मला छळतंय ते वेगळंच. त्या प्रकारानंतर ती ग्रुपवर काही टाकत नाही. फक्त स्टोरी टाकते, चोवीस तासांत गायब होणारी. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, पण ओव्या उतरवून घेणारी माणसं घरात होती, मुलगा सोपानदेव होते, म्हणून १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. इथे लिहिता येतंय, दिसतंय सगळ्यांना, आणि उरत काहीच नाही. मी म्हटलं, अगं, एखाद्या वहीत तरी ठेव. तर म्हणाली, "जाणार आहे म्हणूनच लिहिता येतं, आई. राहणार असेल तर भीती वाटते."

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. यंदाच्या अंकासाठी तिच्याकडे दोन चारोळ्या मागितल्यात. देईल की नाही, सांगता येत नाही. सध्या तिची अट एवढीच आहे, की आधी पीडीएफ बंद करा.