पत्र्याच्या भोकातला माड

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना हे आधीच ठाऊक असतं. छपराला खिळ्याचं भोक असलं की दुपारी जमिनीवर उन्हाचा ठिपका पडतो. भोक वेडंवाकडं, तरी ठिपका गोल. कारण तो आकार भोकाचा नाही, सूर्याचा आहे.

गोव्यातल्या म्हापशाजवळच्या या वस्तीत छायाचित्रणाचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो. दार बंद. फटींत चिंध्या. खिडकीला काळा पुठ्ठा, पुठ्ठ्याला बारीक भोक. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसती कुजबुज, आणि मग समोरच्या भिंतीवर बाहेरचा माड. उलटा. वाऱ्यावर हलणारा.

"बाई, म्हातारी डोक्यावर चालतेय!"

बांधकामावर आलेल्या मजुरांची ही मुलं. किनाऱ्यावर माळा विकताना पर्यटकांनी त्यांचे कितीतरी फोटो काढले. विचारलं कुणीच नाही. म्हणून इथे बटण दाबण्याआधी एक वाक्य शिकवतात: "फोटो काढू का?" समोरचा नको म्हणाला, तर कॅमेरा खाली.

गोव्यात या सवयीचं मोल फार आहे. १९९१ मध्ये मडगावात अनाथ मुलांच्या आश्रयस्थानाआड चाललेले लैंगिक अत्याचार उघडकीला आले, तेव्हा मुलांच्या फोटोंच्या निगेटिव्हही सापडल्या. पुढे गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने फोटो धुणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली: मुलांचं अश्लील चित्र हाती आलं, तर पोलिसांना कळवायचं. कॅमेऱ्यासमोर 'नाही' म्हणता येतं, हे मुलांना कळायलाच हवं. आणि दुसऱ्याचं 'नाही' ऐकून थांबलेल्या मुलाला ते लवकर कळतं.

शुक्रवार. म्हापशाचा बाजार. निळ्या ताडपत्रीखाली मयडे गावची केळी मांडून बसलेली मावशी. बारा वर्षांची मुलगी विचारते. मावशी हात हलवते, नको. कॅमेरा खाली.

"मग केळ्यांचा काढू?"

तेवढं चालतं. पण ताडपत्रीखाली केळी निळसर दिसतात. मुलगी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघते, घड कडेला सरकवते, जिथे मोकळा उजेड आहे. आता पिवळा पिवळाच आला. मावशी वाकून बघते. पदर सारखा करते, आणि स्वतःच घडाशेजारी सरकून बसते.

"काढ आता. पण मला आणून द्यायचा हां."

पुढच्या शुक्रवारी मुलगी फोटो घेऊन येते. मावशी तो बराच वेळ बघते, मग उलटा करते. मागे मुलीने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलंय. मावशी अक्षर अक्षर लावत ते मोठ्याने वाचते.