टाळेबंदी की लस? आधी महिना सांगा

मंडळी, कोरोना कशाने आटोक्यात आला, टाळेबंदीने की लसीने? आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हा विषय निघाला की अजून दोन तट पडतात. मी संख्याशास्त्र शिकवत आलो, म्हणून आधी विचारतो: कुठल्या महिन्याबद्दल बोलताय?

मार्च २०२० घ्या. २२ तारखेला दिवसभर जनता कर्फ्यू पाळला आणि संध्याकाळी राजवाड्यासमोर गर्दी केली आपण! लस तेव्हा नव्हतीच. एकाकडून तिघांना लागण धरली, तर तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस, आणि दहाव्या पायरीला ५९,०४९. पायरी साधारण पाच-सहा दिवसांची. भेटीगाठी दोन तृतीयांश घटवल्या की दहाव्या पायरीलाही एकच. पण दारं उघडली की एकाचे पुन्हा तीन, कारण शरीर होतं तसंच असतं. टाळेबंदीने मिळाला तो वेळ. त्याची किंमत हातावर पोट असलेल्यांनी मोजली. आग्रा-मुंबई रस्त्याने पायी चाललेली कुटुंबं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आता मे २०२१. ६ तारखेला देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालेलं, पण दोन्ही डोस झालेले शंभरात दोन-तीन. ती लाट लसीने ओसरली असं म्हणणं हिशेबात बसत नाही. कोरोना कर्फ्यू होता, आणि घरोघर आजार फिरून गेला होता. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या जून-जुलैच्या सर्वेक्षणात मध्य प्रदेशात ७९ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली. त्यात लसीचाही वाटा होता, पण बराचसा भाग आपण आजारपणाने आणि चितांनी कमावलेला.

मग लसीने केलं काय? जानेवारी २०२२मध्ये ओमिक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराची लाट आली, रोजचे रुग्ण पुन्हा तीन लाखांवर गेले. लागण लसीने फारशी अडली नाही, हे मान्य करू. मृत्यू मात्र दुसऱ्या लाटेच्या आसपासही गेले नाहीत. ओमिक्रॉन सौम्यच होता, असं कुणी म्हणेल. त्याने हाँगकाँगकडे पाहावं. दोन वर्षं कडक निर्बंधांनी आजार रोखून धरलेलं शहर. पण म्हाताऱ्यांनी लस टाळलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच ओमिक्रॉनने तिथे हजारो वृद्ध नेले, बहुतेक लस पूर्ण न झालेले. टाळेबंदीने मिळवलेला वेळ लसीत घातला नाही, तर असं होतं.

माझा थोरला भाऊ एप्रिल २०२१मध्ये गेला, पहिल्या डोसनंतर नवव्या दिवशी. लसीला अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे त्याला मिळाले नाहीत. पण घरात बोललं गेलं, लसीनेच घात केला. वहिनींनी मग आठ महिने लस घेतली नाही. मी कागदावर तारखा मांडून दाखवायचो, त्या ऐकून घ्यायच्या आणि उठून जायच्या. डिसेंबरात एक दिवस स्वतःच म्हणाल्या, भाऊजी, उद्या याल का माझ्याबरोबर केंद्रावर?