सावेदादांचा कॅमेरा

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. तिकीट एक रुपया. पुढे या खेळांना जे मुंबईकर गेले, त्यांत एक मराठी फोटोग्राफर होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा.

बाकीचे चित्रं बघून घरी गेले. सावेदादांनी थेट इंग्लंडहून कॅमेराच मागवला. रायली ब्रदर्सचा, किंमत २१ गिनी.

आता यावर टिपायचं काय? कुस्ती! नोव्हेंबर १८९९ मध्ये मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची लढत त्यांनी मुद्दाम ठरवून घेतली. उघड्यावर ऊन भरपूर, आणि कुस्ती म्हटली की मुंबईत बघ्यांना काय तोटा? मग माकडांना खेळ शिकवणाऱ्या एका माणसाला त्यांनी टिपलं. फिती धुवायला बोटीने विलायतेला जायच्या. तोवर सावेदादा परदेशी फितींचे खेळ मैदानात लावत. स्वतःच्या फिती आल्या, की त्याही त्यातच जोडून दाखवत.

पण त्यांचं खरं काम दिसतं ते डिसेंबर १९०१ मध्ये. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे केंब्रिजहून परतले होते, सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला, झालेले पहिले भारतीय. चौपाटीवर त्यांचं जंगी स्वागत झालं, आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तिथे हजर. पैलवानांना ‘पुन्हा एकदा भिडा’ म्हणता येतं. स्वागताला लोटलेल्या गर्दीला कोण सांगणार? दांडी हाताने फिरवायची, फीत पुरणार जेमतेम मिनिटभर. कुठला क्षण घ्यायचा, कुठला सोडायचा, ते तिथल्या तिथे ठरवायचं. भारतातलं पहिलं बातमीचित्र म्हणून याच फितीचं नाव घेतात. आमच्या मते कुस्तीपेक्षा मान हिचा मोठा.

१९०३ साली लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबार भरला. हत्तींची मिरवणूक, नटलेले संस्थानिक. सावेदादा तिथेही पोचले.

यातली एकही फीत आज उरलेली नाही.

नंतर सावेदादांनी चित्रण सोडलं. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा या हरिश्चंद्राच्या कुस्तीला साडेतेरा वर्षं होत आली होती. ते स्वतः बोरीबंदरसमोरच्या गेइटी थिएटरचा कारभार पाहू लागले. त्याच थिएटरचं पुढे कॅपिटॉल सिनेमा झालं.